मदत हवी आहे: कंपनी परत जर्मनीला पाठवतेय. व्हिसा, टॅक्स आणि ते १८३ दिवस नेमके मोजायचे कसे?

सांगलवाडीकर

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. जरा लांबड लागेल, सांभाळून घ्या.

मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. डिप्लोमा मेकॅनिकल, अकरा वर्षं एकाच ठिकाणी. आम्ही कंपोनंट वॉशिंग मशीन बनवतो. म्हणजे गिअर, शाफ्ट मशिनिंगवरून आले की त्यावरचं तेल आणि चिप्स धुऊन काढणारं मशीन. कपडे धुवायचं नव्हे, पाहुण्यांना दरवेळी हे समजावून सांगावं लागतं. यंदा श्टुटगार्टजवळच्या एका कारखान्याने आमच्याकडून दोन मशीन घेतली. पहिलं बसवायला मी १५ सप्टेंबरला तिथे उतरलो आणि १४ नोव्हेंबरला निघालो.

दुसरं मशीन सध्या जहाजावर आहे. साहेबांचं म्हणणं, ५ जानेवारीला जा आणि ३१ मार्चपर्यंत सगळं उरकूनच ये. व्हिसा आहेच, बिझनेसचा, मल्टिपल एन्ट्री, पुढच्या ऑगस्टपर्यंत चालणारा. "वर्षाचा व्हिसा आहे की, मग अडचण कसली?" इति साहेब. एचआरला एकच मॅडम, कँटीनच्या कुपनापासून पीएफपर्यंत सगळं त्याच बघतात. त्या म्हणतात, १८३ दिवसांच्या आत आहे, म्हणजे टॅक्सही नाही आणि बाकीही काही नाही.

पण पासपोर्टवरच्या त्या स्टिकरवर तारखांच्या शेजारी मुक्कामाच्या दिवसांचा एक रकाना आहे आणि त्यात ९० लिहिलंय. हे ९० कशाचे? एका खेपेचे, वर्षाचे, की एकूण? आणि हे १८३ मग कुठून आले?

पगार माझ्या सांगलीच्या खात्यातच येतो, टीडीएस इथेच कापतात. तिथे दिवसाला ५५ युरो भत्ता फॉरेक्स कार्डावर मिळतो, हॉटेल गिऱ्हाइकाचं. आता जानेवारीपासूनच्या तीन महिन्यांसाठी गिऱ्हाईक म्हणतंय की तुमच्या माणसाचा पगार आम्हीच त्याला थेट देतो, जर्मन बँकेत खातं उघडून. आकडा ऐकून क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण रात्री झोप लागली नाही. घरी आई आणि मी दोघंच, नसती भानगड अंगावर घ्यायची ताकद नाही. कुणी अनुभवी असेल तर सांगा.

अजिंक्यतारा

काही टेन्शन घेऊ नका भाऊ. मी साताऱ्याच्या एका कंपनीतर्फे दोन वेळा इटलीला जाऊन आलोय. १८३ पर्यंत कुणी विचारत नाही. आणि ९० संपत आले की आठवडाभर बाहेर जाऊन यायचं, मीटर शून्यावर येतो. आमच्यातला एकजण तर शनिवार-रविवार स्वित्झर्लंड फिरून आला होता, तेवढ्यासाठीच.

मिरजेचा_तंबोरा

अजिंक्यतारा, राग मानू नका, पण हा सल्ला माणसाला विमानतळावर अडकवणारा आहे. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांच्या गटात, आहे. तिथे जाऊन दिवस थांबत नाहीत, वाढतातच. लंडनला गेलात तर तेवढे दिवस मोजणीत येणार नाहीत हे खरं, पण मागचे दिवस पुसले जात नाहीत. मीटर शून्यावर येतो ही निव्वळ अफवा आहे.

सांगलवाडीकर, मूळचा मिरजेचा, आता नऊ वर्षं म्युनिकला. तुमच्या प्रश्नात तीन वेगळी घड्याळं आहेत आणि तुमचे साहेब आणि मॅडम तिन्हींत एकच वेळ बघतायत. व्हिसाचं तेवढं मी सांगतो, टॅक्सचं इथे कुणी सीए असतील तर त्या अधिकाराने सांगतील.

व्हिसा ऑगस्टपर्यंत आहे याचा अर्थ एवढाच की त्या तारखांच्या दरम्यान तुम्ही आत जाऊ शकता. राहायची मर्यादा वेगळी: कुठल्याही १८० दिवसांत ९०. "कुठल्याही" हा शब्द महत्त्वाचा. तिथे असताना रोज सकाळी उठून तो दिवस धरून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यात आपण किती दिवस शेंगेनमध्ये होतो ते बघायचं. उतरलेला दिवस आणि निघालेला दिवस दोन्ही धरायचे.

तुमची पहिली खेप: सप्टेंबरचे १६, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे १४. एकूण ६१. उरले २९. ५ जानेवारीला उतरलात तर जानेवारीचे २७ आणि फेब्रुवारीचे २. म्हणजे २ फेब्रुवारी हा शेवटचा दिवस. ३ तारखेला तुम्ही बेकायदा. जुने दिवस गळायला सुरुवात होते ती थेट १४ मार्चला, कारण त्या दिवशी तुमचा १५ सप्टेंबर खिडकीबाहेर जातो. ३१ मार्चपर्यंत राहिलात तर त्या दिवशीची मोजणी १२९ भरते.

आणि हल्ली शिक्का पुसट आहे, अधिकाऱ्याला दिसला नाही, असलं काही चालत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि चेहरा घेऊन येण्याजाण्याची नोंद संगणकात होतेय. दिवस मशीनच मोजतं.

कृष्णाकाठ_७७

वाचतेय. माझा भाचाही असाच पोलंडला गेलाय. सगळ्यांनी लिहा.

सांगलवाडीकर

तंबोरा दादा, तुमचं वाचून स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून बसलो. आईच्या दुधाच्या हिशेबाचे आकडे प्रत्येक चौकटीत, त्यांच्या खाली पेन्सिलने एक-दोन-तीन लिहीत गेलो. बोर्डिंग पास जपून ठेवले होते ते बरं झालं. अगदी बरोबर, २ फेब्रुवारी. साहेबांना दाखवलं तर म्हणाले, "मग मार्चच्या मध्यात परत जा." तसं चालेल का?

मिरजेचा_तंबोरा

शेंगेनच्या नियमाने हळूहळू दिवस सुटे होतील, पण तुमच्या बाबतीत दुसरा अडसर आहे आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो.

बिझनेस व्हिसावर मीटिंग, प्रदर्शन, सौदा हे चालतं. हातात पाना घेऊन काम करणं म्हणजे नोकरी, त्याला खरं तर कामाची परवानगी लागते. पण जर्मनीच्या रोजगार नियमावलीत, कलम १९ मध्ये, मशीनवाल्यांसाठी एक सवलत आहे. परदेशी कंपनीकडून मागवलेलं औद्योगिक मशीन त्याच कंपनीचा माणूस येऊन बसवत असेल, दुरुस्त करत असेल किंवा चालवायला शिकवत असेल, तर १२ महिन्यांत ९० दिवसांपर्यंत परवानगी लागत नाही. अट अशी की काम सुरू व्हायच्या आधी त्यांच्या रोजगार कचेरीला, बुंडेसआगेंटूरला, रीतसर कळवलेलं पाहिजे.

आता फरक बघा. शेंगेनचे ९० हे १८० दिवसांतले. हे ९० बारा महिन्यांतले. ६१ आणि २९ मिळून तुमचे हे नव्वदही २ फेब्रुवारीलाच संपतात, आणि मार्चमध्ये ते सुटत नाहीत. सप्टेंबरपर्यंत नाही. त्याच्यापुढे काम करायचं तर राष्ट्रीय व्हिसा, ज्याला डी म्हणतात तो, आणि रोजगार कचेरीची संमती. मिळतो, तीन वर्षांपर्यंतसुद्धा मिळतो, पण चार दिवसांत मिळत नाही.

पहिल्या खेपेच्या वेळी ते कळवण्याचं काम कुणी केलं होतं, हे आधी शोधा.

अजिंक्यतारा

बाप रे. आम्ही दोन वेळा गेलो तेव्हा कुणाला काय कळवलं होतं देव जाणे. माझे शब्द मागे घेतो.

हिशेबवही

मी सीए आहे, साताऱ्यात प्रॅक्टिस करते. सीझन संपला की इथे डोकावते, आज जरा मोकळी आहे.

१८३ चं सांगते. तो आकडा एकाच उत्पन्नावर दोन्हीकडे कर लागू नये म्हणून केलेल्या भारत-जर्मनी करारातला आहे, कलम १५. त्याचा व्हिसाशी काहीएक संबंध नाही. करार म्हणतो की भारतात राहणारा माणूस जर्मनीत काम करत असेल तर त्या कामाच्या पगारावर जर्मनी कर लावू शकते. हा मूळ नियम. मग सूट येते, आणि तिला तीन पाय आहेत. पहिला, तिथल्या वर्षात, म्हणजे जानेवारी ते डिसेंबरमध्ये, १८३ पेक्षा जास्त दिवस तिथे राहायचं नाही. दुसरा, पगार देणारा जर्मनीचा रहिवासी नसावा. तिसरा, मालकाचं तिथे व्यवसायाचं कायमस्वरूपी ठिकाण असेल तर पगाराचा बोजा त्याच्यावर पडलेला नसावा. तिन्ही पाय टेकलेले पाहिजेत. लोकांना पहिलाच तेवढा माहीत असतो, तुमच्या मॅडमसारखा.

पहिल्या पायाची काळजी नाही. २०२५ चे ६१, २०२६ चे फार तर ८६.

गिऱ्हाइकाने थेट पगार दिला की दुसरा पाय त्याच दिवशी मोडतो. मग ६१ असोत की ६, पहिल्या दिवसापासूनच्या पगारावर तिथे कर लागतो, कापूनच हातात देतात. शिवाय तंबोरांनी सांगितलेली सवलत ही परदेशी मालकाने पाठवलेल्या माणसासाठी आहे. मालकच जर्मन झाला तर तीही जाते. तो आकडा कितीही गोड असो, नाही म्हणा. हॉटेल त्यांनी दिलं तर हरकत नाही. पण ते तुमच्या कंपनीला दर दिवसाचा तुमचा खर्च भरून देणार असतील आणि तुम्ही तिथे त्यांच्याच फोरमनच्या हाताखाली राबणार असाल, तर जर्मनीचं कर खातं खरा मालक कोण, असं विचारू शकतं. मशीनच्या किमतीतच जोडणी आणि चाचणी धरलेली असणं सगळ्यात सुरक्षित.

भारताचं सोपं आहे. एप्रिल ते मार्च या वर्षात तुम्ही ३१ मार्चपर्यंत राहिलात तरी इथे २१८ दिवस भरतात, १८२ पुरे असतात. म्हणजे तुम्ही रहिवासी, पूर्ण पगार इथे करपात्र, टीडीएस चालतो तसाच चालू द्या. भत्त्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगते, कारण सगळे इथेच चुकतात. दौऱ्यावरचा दैनिक भत्ता खरोखर खर्च झाला तेवढाच करमुक्त, नव्या करप्रणालीतसुद्धा. खिचडी खाऊन वाचवलेले युरो हे उत्पन्न आहे. बिलं ठेवा.

आता मला एक सांगा. तुमच्या आधी किंवा नंतर कंपनीचं दुसरं कुणी तिथे होतं का? आणि दोन्ही मशीनची ऑर्डर एकच का?

सांगलवाडीकर

ताई, खिचडीचं तुम्हाला कसं कळलं? इलेक्ट्रिक कूकर घेऊनच गेलो होतो.

हो, आमचा पॅनेलवाला १८ ऑगस्टलाच गेला होता, केबल ट्रे आणि पाइपिंगची तयारी करायला. तो १० नोव्हेंबरला परतला. ऑर्डर एकच, एकाच शेडमध्ये शेजारी शेजारी दोन मशीन. आता तिथे आमचं कुणी नाही, फक्त आमची टूलबॉक्स कुलूप लावून ठेवलीय.

हिशेबवही

हीच भीती होती.

त्याच कराराच्या कलम ५ मध्ये लिहिलंय की बसवण्या-जोडणीचं काम सहा महिन्यांपेक्षा जास्त चाललं तर ते मालकाचं तिथलं कायमस्वरूपी ठिकाण धरलं जातं. इथे माणसाचे दिवस मोजत नाहीत, कामाचे मोजतात. कोण गेलं, कोण आलं, याने फरक पडत नाही. मशीन जहाजावर आहे म्हणून काम थांबलंय, हा तात्पुरता खंड, त्याने घड्याळ बंद होत नाही. आणि एकच ऑर्डर, एकच शेड, म्हणजे दोन वेगळी कामं म्हणून दाखवायलाही जागा नाही.

१८ ऑगस्टपासून सहा महिने १८ फेब्रुवारीला संपतात. काम मार्चअखेरपर्यंत गेलं तर कंपनीच्या त्या कामावरच्या नफ्याचा हिशेब जर्मनीत द्यावा लागेल. तुमचा पगार त्या कामाच्या खर्चात धरला गेला की तुमच्या सुटीचा तिसरा पाय मोडला. म्हणजे तुम्ही स्वतः काहीही चूक न करता, ६१ दिवसांचे राहून, तिथले करदाते झालात. पॅनेलवालाही.

हे साहेबांना तुम्ही सांगू नका, तुमच्या तोंडून त्यांना पटणार नाही. कंपनीच्या सीएंना "कलम ५, सहा महिने, १८ ऑगस्ट" एवढं लिहून पाठवा. ते उडी मारून उठतील.

कृष्णाकाठ_७७

ताई, आणि समजा तिथे कर भरावाच लागला, तर दोन्हीकडे जातो का? भाच्यासाठी विचारतेय.

हिशेबवही

दोनदा जात नाही, पण वजावट आपोआप मिळत नाही. भारतात रिटर्नमध्ये पूर्ण उत्पन्न दाखवायचं, तिथे भरलेल्या कराची वजावट मागायची आणि त्यासाठी फॉर्म ६७ भरायचा. २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी त्याची मुदत ३१ मार्च २०२७. सोपा आयटीआर-१ अशा वेळी चालत नाही, २ भरायचा. तिथे बँक खातं उघडलं असेल तर रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवायचंच, शिल्लक दोन युरो असली तरी. हा तक्ता जानेवारी ते डिसेंबरचा असतो, बाकी रिटर्न एप्रिल ते मार्चचं, म्हणून गोंधळ होतो. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्यात १० लाखांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या, घर-जमीन सोडून, मालमत्तेला त्यातून सूट मिळालीय, पण दाखवायचं बंधन गेलेलं नाही.

वसंतदादा_नगर

पीएफचं कुणी बोललं नाही. भारत आणि जर्मनीत सामाजिक सुरक्षेचा करार आहे, सध्याचा १ मे २०१७ पासून लागू. कंपनीने इथला पीएफ चालू ठेवला आणि ईपीएफओकडून, म्हणजे पीएफ कचेरीकडून, कव्हरेज सर्टिफिकेट घेतलं, तर तिथे पेन्शनची वर्गणी कापत नाहीत. पाठवलेल्या माणसाला ४८ महिन्यांपर्यंत चालतं. अर्ज ऑनलाइन, पण सही कंपनीची लागते, त्यामुळे मागे लागावं लागतं. मी घेतलंय. पहिल्यांदा यूएएनमधलं, म्हणजे पीएफ नंबरावरचं, नाव आणि पासपोर्टमधलं नाव जुळेना म्हणून परत आलं, वडिलांचं नाव एकीकडे होतं, एकीकडे नव्हतं. ते आधी तपासा. आजारपणाचा विमा वेगळा, तो प्रवास विम्यातच बघायचा, किमान ३०,००० युरोंचा.

मिरजेचा_तंबोरा

एक राहिलं. डी व्हिसाचा रस्ता धरलात तर पगार तिथल्या तशाच कामगाराच्या तोडीचा आहे का, हेही रोजगार कचेरी बघते. जर्मनीतलं किमान वेतन १ जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. कुपवाडचा पगार आणि भत्ता एकत्र मांडून साहेबांनी आधी गणित करावं.

सांगलवाडीकर

मंडळी, काय झालं ते सांगायला आलोय. उशीर झाला, मध्ये एक ब्रेकडाऊन निघालं.

ताईंनी सांगितलं तसं एक ओळ सीएंना पाठवली. दुपारी त्यांचा साहेबांना फोन, संध्याकाळी मला केबिनमध्ये बोलावणं. मला वाटलं, आता ओरडा बसणार. साहेब कागद पुढे सरकवून म्हणाले, "हे तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, एका ओळखीच्या ताई आहेत साताऱ्याच्या. म्हणाले, बस.

मॅडमनी जुन्या मेल उपसल्या. बुंडेसआगेंटूरला कळवण्याचं काम गिऱ्हाइकाने ऑगस्टमध्येच केलेलं निघालं, माझं आणि पॅनेलवाल्याचंही. आमच्याकडे तो मेल जर्मनमध्ये आला म्हणून कुणी उघडलाच नव्हता. दादा, एवढं वाचून मी खुर्चीत मागे टेकलो. आताच्या खेपेचंही त्यांना आधी कळवायला सांगितलंय.

ठरलंय ते असं. मी ५ जानेवारीला जाणार, सेटिंग आणि ट्रायल माझ्या हातची उरकून १ फेब्रुवारीला विमान. एक दिवस हातात ठेवला, फ्लाइट रद्द झाली तर. माझ्यानंतर दुसरा फिटर पंधरा दिवसांसाठी, त्याचे दिवस कोरे आहेत. १८ फेब्रुवारीच्या आत मशीन ताब्यात दिल्याच्या कागदावर सही घ्यायची, त्यासाठी गिऱ्हाइकाच्या मेंटेनन्सच्या दोन पोरांना मी जानेवारीतच फिल्टर आणि नोझलचं शिकवून ठेवायचं. बारीकसारीक प्रोग्रामिंग कुपवाडहूनच, स्क्रीन शेअर करून. पगार थेट द्यायचं त्यांना नको म्हणून कळवलंय. मनात थोडं चुटपुटलं, पण असो.

आता अडलंय ते कव्हरेज सर्टिफिकेटवर. वसंतदादा_नगर म्हणतात तेच झालं. यूएएनमध्ये माझं नाव दोनच शब्दांत आहे, पासपोर्टमध्ये तीन. कंपनीने दुरुस्तीचा अर्ज टाकलाय. ५ तारखेपर्यंत झालं नाही तर निघायचं की थांबायचं?

वसंतदादा_नगर

निघा. त्याच्यासाठी सीमेवर कुणी अडवत नाही, ते तिथल्या वर्गणीपुरतं. अर्ज केल्याची पोच सोबत ठेवा आणि सर्टिफिकेट आलं की कंपनीने गिऱ्हाइकाला मेल करायचं. त्यावर पाठवणीच्या तारखा मागच्या खेपेपासूनच्या मागून घ्या, नाहीतर सप्टेंबरपासूनचे ६१ दिवस उघडे राहतील.

हिशेबवही

आणि या वेळी भाजी, दूध, बस, सगळ्याची बिलं. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, तिथल्या पावतीचा कागद महिन्याभरात पांढरा पडतो.

सांगलवाडीकर

ठेवतो ताई. आईने नवीन कालनिर्णय आणलंय. दूधवाला अजून जानेवारीत आलाही नाही आणि मी चौकटींत आकडे लिहून मोकळा झालोय. ती विचारते, हे बासष्ट लिटर कुणाचं?